साडेपासष्ट सेंटीमीटर

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. पूर्वी हे वाक्य मी लग्नात, बसस्टँडवर, समोरच्याने विचारलं नसलं तरी ऐकवायचो. आता कुणी विचारलंच तर 'शाळेत होतो' एवढं सांगून विषय बदलतो. बायकोला वाटतं, निवृत्तीनंतर माणूस असाच अबोल होतो. तसं काही नाही. मला लाज वाटते, आणि ती एका ठरावीक दिवसाची आहे.

आमचं गाव कुरुंद्यापासून जवळच. गावात मास्तरला सगळं यावं लागतं. पीकविम्याचा अर्ज, आधार कार्डावरचं चुकलेलं नाव, रक्त तपासल्याचा कागद, फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, सगळं माझ्या ओट्यावर यायचं आणि मी चष्मा लावून सांगायचो. माहीत असलं तर सांगायचो, नसलं तरी सांगायचो. 'मला ठाऊक नाही' हे माझ्या तोंडून गावाने कधी ऐकलं नसेल. बहुतेक वेळा माझं बरोबरही निघायचं, त्यामुळे खोड वाढत गेली.

गल्लीच्या टोकाला मेंढरं राखणाऱ्यांचं एक घर आहे. तेव्हा त्यांची साठ-सत्तर मेंढरं, थोड्या शेळ्या आणि कॅनॉलच्या पाण्यावर दोन एकर हळद होती. नवरा-बायको दोघं मेंढरांमागे फिरत. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही माझ्या हाताखालून गेली. मुलगा हुशार निघाला, नांदेडला इंजिनियर झाला, पुण्याला गेला आणि तिथून अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला. मुलगी दहावीनंतर औंढ्याकडच्या एका गावात दिली. तीही हुशार होती, पण तिच्या हुशारीची गावात कुणी चर्चा केली नाही. मीही केली नाही.

मुलाला गावी येऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या कागदपत्रांचा काहीतरी घोळ होता. तिथून निघाला तर परत घेतील की नाही याची खात्री नव्हती. दर रविवारी तो फोनवर दिसायचा आणि त्याची आई फोन इतका जवळ धरायची की त्याला फक्त तिचं कपाळ दिसायचं. हे त्यानेच मला एकदा हसत सांगितलं होतं. "सर, आईला सांगा ना, फोन लांब धर म्हणून. तोंडच दिसत न्हाई तिचं." मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "लांब धरलं की लेकरू लांब गेल्यावानी वाटतंय."

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, एका सोमवारी पहाटे चारच्या सुमाराला तिला झटका आला आणि दवाखान्यात न्यायच्या आत ती गेली. मुलगी तासाभरात माहेरी पोचली. तिनेच भावाला फोन केला. तो राहायचा विमानतळापासून जवळ. कागदपत्रांचं काय व्हायचं ते होवो म्हणून तो उठला आणि मिळालं ते तिकीट काढून निघाला. सकाळी नऊला त्याचा बहिणीला निरोप आला. विमानात बसलो, दुबईला बदलायचं आहे, तिथे दोन तास, मग हैदराबाद, तिथून गाडीने घर. शेवटचं वाक्य होतं, 'आईला ठेवा.' त्यानंतर फोन बंद. विमान कोणतं, किती वाजता उतरणार, काही लिहिलं नव्हतं. त्या अवस्थेत कोण लिहील?

आमच्याकडे माती होईपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळी तशीच बसून असतात. त्यात उन्हाळा असा की सकाळी दहाला पत्र्याला हात लावता येत नव्हता. विजेचा भरवसा नाही. वसमतहून बर्फाच्या लाद्या आणून भुशात ठेवल्या होत्या. भावकीतली जाणती माणसं लिंबाखाली जमली आणि त्यांनी सरळ हिशेब मांडला. एक रात ठेवता येईल, दोन राती न्हाई. पोरगं उद्या दिवस मावळायच्या आत दारात येत असेल तर थांबायचं, मावळल्यानंतर येणार असेल तर परवा सकाळपर्यंत मढं ठेवणं होणार नाही. मग आजच माती.

म्हणजे सगळं एका प्रश्नावर आलं. सॅन फ्रान्सिस्कोहून दुबई किती लांब? पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. दुबईला तर गावातली दोन पोरं कामाला जाऊन आली होती, आणि हैदराबादचा रस्ता ट्रकवाल्यांच्या पायाखालचा. अडलं होतं ते त्या पहिल्या उडीवर.

"गुरुजीला बलवा," कुणीतरी म्हणालं.

मी आलो, लांबूनच तिच्या पायांच्या दिशेने हात जोडले आणि लिंबाखाली गेलो. तिला ओसरीत ठेवलं होतं, भोवती बाया होत्या. आत जाऊन नीट दर्शन घ्यावं, हे मनात आलं होतं. पण माणसं वाट बघत होती आणि वाट बघितली जाणं मला आवडायचं.

तिचा नवरा मेंढरांच्या वाड्याशी टेकून बसला होता. त्याने मला विचारलं, "गुरुजी, किती मुक्काम पडतेत तिथून?" त्याचं सगळं आयुष्य मुक्कामात मोजलेलं. मी म्हणालो, "मुक्काम नाही, तास मोजायचे. थांबा, मी बरोबर मोजून सांगतो."

शाळेची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी शाळेत गेलो आणि कपाट उघडलं. वरच्या फळीवर पृथ्वीचा गोल होता, विकत आणला तेव्हाच्या प्लॅस्टिकमध्ये तसाच. मुलं फिरवून फिरवून खराब करतात म्हणून मी तो वर्गात कधी नेला नव्हता. त्याच्याकडे मी पाहिलं, हे मला पक्कं आठवतं. पण गोल हातात धरून चार माणसांसमोर काय दिसणार? मी जगाचा भिंतीवरचा मोठा नकाशा घेतला, लाकडी मीटरपट्टी घेतली आणि आलो.

अंगणात घोंगडी अंथरायला लावली. त्यावर नकाशा पसरला. चार कोपरे धरायला चार माणसं बसवली. ज्या घरात बाई मरून पडली आहे त्या घराच्या अंगणात मी वर्ग भरवला, आणि ओसरीकडे पाठ करून गुडघ्यांवर बसलो. हे लिहिताना कान गरम होतात. मी सॅन फ्रान्सिस्कोवर पट्टीचं शून्य ठेवलं. अमेरिका, अटलांटिक महासागर, आफ्रिकेचं वरचं टोक, अरबस्तान, अशी पट्टी सरळ दुबईच्या जवळ टेकवली. "साडेपासष्ट सेंटीमीटर," मी मोठ्याने म्हणालो. एका सेंटीमीटरला तीनशे किलोमीटर. तोंडी गुणाकार केला. "एकोणीस हजार सहाशे पन्नास किलोमीटर. विमान तासाला नऊशे धरा. बावीस तास."

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी "व्हय, लांबच हाय ते" असंही म्हणालं. मग मी पुढचं बोटांवर मांडलं. आज सकाळी नऊला निघाला, आपल्या घड्याळाने उद्या सकाळी सातला दुबई. तिथे दोन तास, पुढची उडी साडेतीन तासांची, साडेबाराला हैदराबाद. बाहेर पडून गाडीत बसायला दीड वाजेल. रस्ता साडेसहा तासांचा. "रात्रीचे आठ," मी म्हणालो. "दिवा लागल्यावर येतो."

तेव्हा मुलगी ओसरीतून उठून आली. डोळे सुजलेले, हातात फोन. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, हितं दोन इमानतळांची नावं टाकली की अंतर दाखवतंय. तेरा हजार दाखवून राह्यलं. पंधरा तास म्हणतंय. मंग दादा उद्या दुपारी एक-दीडला येतोय."

मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तेरा हजार आणि साडेएकोणीस हजार. एवढा फरक कसा पडेल, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला तो वेगळाच, की चार माणसांत ही मला चूक ठरवते काय.

तिने फोन पुढे केला. "बघा ना. सरळ रेघ न्हाई. वरून वाकडी गेलीय, पार वरून, बर्फाकडून."

मी फोन हातात घेतला नाही. वरवर पाहिलं. खरंच एक कमान जगाच्या डोक्यावरून गेली होती. मी हसलो. "फोनला काय कळतं? सरळ वाट सोडून विमान वळसा कशाला घालील? सरळ असतं तेच जवळचं असतं, हे तुला पाचवीत शिकवलंय." दोन-तीन माणसंही हसली. ती तरीही हलली नाही. "पण सर, पृथ्वी गोल—" एवढं ती म्हणाली आणि मी म्हणालो, "तू बस तिकडं बायकांत. हे मोजलेलं आहे."

ती गेली. जाताना तिने फोनचा पडदा पदराने पुसला.

जाणत्यांनी तिच्या बापाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, नक्की ना?" मी म्हणालो, "मी पट्टीने मोजलंय." त्याने ओसरीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "न्हाई तं न्हाई. करा मंग." बर्फाच्या लाद्या तशाच भुशात राहिल्या. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी माती झाली. पुतण्याने अग्नी दिला. परतताना लोक मला म्हणाले की तुमी व्हते म्हणून निर्णय झाला, न्हाई तं लोंबकळत पडलं असतं. मला बरं वाटलं. ते सांगायलाच हवं, त्या संध्याकाळी मला बरं वाटलं होतं.

सकाळी बायको पाणी भरून आली आणि म्हणाली, "त्याचा फोन आला व्हता म्हणं, रात्री एकला. दुबईला उतरला. तिथनं पुढं बी निघाला." मी दात घासत होतो. रात्री एक. मी मनात नऊपासून मोजायला लागलो आणि सोळावर थांबलो. तोंडातला फेस तसाच राहिला. बहिणीने त्याला फोनवर सांगून टाकलं होतं, की माती झाली. तो काय म्हणाला, हे बायकोने विचारलं नव्हतं आणि मीही नंतर कधी विचारलं नाही.

दुपारी दोनला हैदराबादची पांढरी गाडी गल्लीत वळली. सूर्य डोक्यावर होता. दिवस मावळायला पाच तास होते. मी माझ्या दारातून पाहत होतो. तो उतरला, पाठीवर एकच पिशवी. ओसरीत जिथे तिला ठेवलं होतं तिथे पीठ पसरून दिवा लावलेला, त्याच्यासमोर तो बूट न काढताच बसला. कुणी त्याला बूट काढ म्हणालं नाही. मी दार लोटून घेतलं. त्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो नाही. डोकं दुखतंय असं बायकोला सांगितलं, आणि तिने बिचारीने बाम चोळून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो. सुट्टी होती, शिपाईही नव्हता. कपाट उघडून गोल काढला, त्याचं प्लॅस्टिक फाडलं. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा खिशात होता. एक टोक सॅन फ्रान्सिस्कोवर अंगठ्याने दाबलं, दुसरं दुबईवर नेलं आणि ताणलं. दोरा आपोआप घसरत वर गेला आणि जगाच्या माथ्याजवळून, बर्फाच्या कडेने बसला. मी तो धरून खाली ओढून अटलांटिकवरून नेऊन पाहिला, माझ्या पट्टीच्या वाटेने. दोरा पुरेना. पुन्हा सैल सोडला, पुन्हा तो वर गेला. मग तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवला. तिथे अख्खा वेढा चाळीस हजारांचा, हे मी झोपेतही सांगेन. दोरा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही थोडा कमी पडला. म्हणजे तेरा हजार. नकाशा सपाट करताना वरचा भाग ताणला जातो, वर जावं तसं अंतर खोटं होतं, हे पुस्तकात होतं. मी ते दर वर्षी वाचून दाखवायचो, रेघ मारायला सांगायचो, परीक्षेत दोन गुणांना विचारायचो. माझ्या डोक्यात ते कधी शिरलंच नव्हतं. शिरलं होतं ते त्या मुलीच्या, आणि तिला मी बायकांत बसवलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. त्यानंतर मी ठरवून गेलो, सगळं सांगायचं. सगळ्यांसमोर नाही जमलं तर निदान त्याला आणि त्याच्या बहिणीला. वाटेत शब्दही जुळवले होते.

शेजारच्या घरून चहा आला होता. मुलगी तो कपांत ओतत होती. बापाने मला पाहिलं आणि मुलाला म्हणाला, "गुरुजीच्या पाया पड. त्या दिशी लई तकलीफ घेतली त्यायनं. शाळेतून नकाशा आणला, पट्टी लावून मोजलं." मुलगा उठला, वाकला आणि त्याने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते. त्याच्या केसांत ओढ्याची राख होती.

तो माझ्या शेजारी बसला. बोलायचं म्हणून म्हणाला, "इमान वरनं येतं सर, बर्फावरून. खिडकीतनं नुसतं पांढरं दिसत व्हतं. सोळा तास." त्याच्या आवाजात माझ्यासाठी काही नव्हतं, ना राग ना टोमणा. त्याला सगळं समजत असणार, तो इंजिनियर आहे. बाप म्हणाला, "गुरुजीनं मोजलं तवा लांब भरलं व्हतं. इमानवाल्यानं वाट बदलली आसंल. आमी बी बदलतोच की, चारा पाहून." आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तसंच झालं असेल." जुळवून नेलेले शब्द तिथेच संपले.

थोड्या वेळाने मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, तुमी दिसभर हितंच व्हते ना?"

"होतो."

"आईचं तोंड कसं दिसत व्हतं? फोनवर कधी नीट दिसलंच न्हाई चार वर्षांत. हितं कुणालाबी इचारलं की रडतेत. तुमी सांगा. तुमी बराबर सांगता."

मी पाहिलंच नव्हतं. दिवसभर मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो आणि ओढ्याकाठीसुद्धा भावकीतल्या माणसांना माझा गुणाकार समजावत उभा होतो. ज्यासाठी तो सोळा तास बर्फावरून उडत आला होता, ते माझ्यापासून दहा पावलांवर होतं आणि मी उठून गेलो नाही. या वेळी 'मला ठाऊक नाही' म्हणायचं होतं, एवढंच. मी म्हणालो, "शांत होतं. झोपल्यासारखं. किंचित हसरंच होतं म्हण ना."

त्याने मान हलवली. दोनदा, तीनदा हलवली. मग कपाळ गुडघ्यावर टेकवून रडला, मला वाटतं आल्यापासून पहिल्यांदाच. बापाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. समोर मुलगी किटली हातात धरून तशीच उभी होती.

मी निघालो तेव्हा ती वाड्याच्या कडेपर्यंत माझ्यामागे आली. मला वाटलं, आता ही फोनचं काढणार, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. ती बोलली तर मी तिथेच हात जोडणार होतो.

ती म्हणाली, "सर, लकव्यानं तिचं तोंड एका अंगाला वढलं व्हतं. डोळा मिटत न्हवता. आमी बायांनी पदर बांधून झाकलं व्हतं, लोकायला दिसू नये म्हणून."

तिने मागे वळून भाऊ ऐकत नाही ना ते पाहिलं.

"दादाला सांगू नका," ती म्हणाली. "तुमी सांगितलं तेच राहू द्या. तुमचं त्याला पटतं."

मी "बरं" म्हणालो आणि घरी आलो.